चौथ्या वाफ्यातलं पाणी

१४ मे २०१९, मंगळवार. दुपारी पारा त्रेचाळीसवर. टँकर सव्वानऊला आला, तीन हंडे मिळाले. कामाच्या मंजुळाबाईने लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्या. अकरा वाजता बंकट सुतार आला. त्र्याहत्तर सालची वही मागितली. शोधते म्हणाले.

एवढं लिहून केसरबाईंनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली, पुन्हा उघडली आणि शेवटचं वाक्य वाचलं. ते खोटं होतं. त्यांच्या घरात कुठलीच वही शोधावी लागत नसे. लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत छप्पन्न वह्या सालवार लावलेल्या होत्या. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावलेली सवय, 'दिवस मावळायच्या आत दिवस लिहून ठेवायचा', ती लग्न होऊन या गावात आल्यावरही सुटली नाही. गावाला त्याचं कौतुक होतं. कुणाचा जन्म कधीचा, पाटबंधाऱ्याचा दगड कोणत्या महिन्यात बसला, काहीही अडलं की लोक म्हणत, चला काकींच्या वहीत बघू. तहसिलीतल्या कागदापेक्षा काकींची वही खरी. हे ऐकलं की केसरबाई खाली बघत. लोकांना तो विनय वाटे.

त्र्याहत्तरची वही त्यांना डोळे मिटूनही काढता आली असती. खालचा कप्पा, डावीकडून दहावी.

बंकटला ती कशासाठी हवी होती, ते त्यानं सरळ सांगितलं होतं. गावच्या सोसायटीच्या सभागृहाचा स्लॅब आता गेल्यात जमा होता. गजांचा गंज खालून दिसायचा, पोपडे पडायचे. दोन वर्षांपूर्वी ऐन बैठकीत एक पोपडा टेबलावर पडला, तेव्हापासून सगळ्या सभा समोरच्या कडुनिंबाखाली होत. जुनं पाडून नवा, दुप्पट मोठा स्लॅब टाकायचं घाटत होतं, आणि तेही याच उन्हाळ्यात, कारण निधी जूनपर्यंत खर्ची पडायला हवा होता. बंकटचं म्हणणं वेगळं होतं. गावात सोसायटीच्या पूर्वीच्या माळवदाचं, लाकूड-मातीच्या छताचं, सागवान अजून घरोघर पडून आहे, कुणाच्या गोठ्याला, कुणाच्या दाराला. ते गोळा करावं, कमी पडेल तेवढं नवं घ्यावं आणि लाकडी छत करावं. सभेत चार लोक हसले होते. एकजण म्हणाला, सुतार लाकडाचीच गाणार, लोहाराला विचारलं तर तो लोखंडाची गाईल.

"हसू द्या," बंकट केसरबाईंना म्हणाला. "मागच्या टायमाला स्लॅबनं किती पानी पेलं, तेवढंच मला सभेत वाचून दाखवायचंय. आमचे आबा सांगायचे, तुमच्या वहीत रोजचा आकडा हाय म्हून."

बोलताना तो नेहमीप्रमाणे मान जरा डावीकडे वळवून, उजव्या डोळ्यानं बघत होता. डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल पडलेलं. गावातले लोक त्याची थट्टा करत, की सुताराला फळी सरळ आहे का बघायला एक डोळा मिटावाच लागतो, देवानं बंकटचे तेवढे कष्ट वाचवले. बंकट स्वतःही हीच थट्टा करायचा. केसरबाईंना मात्र ती ऐकवत नसे.

*

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात केसरबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांचे यजमान आप्पाराव सोसायटीचे चेअरमन. सोसायटीची बैठक तेव्हा एकवीस खणांच्या माळवदात भरे. किनवटकडच्या जंगलातून बैलगाड्यांनी आणलेल्या सागाचे खांब, त्यावर तुळया, फळ्या आणि वर हातभर पांढरी माती. बाहेर डांबर वितळलं तरी आत माणूस घोंगडी पसरून निजत असे. पण माळवद दोन ठिकाणी गळत होतं, आणि शेजारच्या गावच्या सोसायटीनं नुकताच स्लॅब टाकला होता. तो आप्पारावांच्या मनाला लागला होता. स्लॅब म्हणजे पक्कं. त्यावर पुढाऱ्याला उभं करून फोटो काढता येतो.

दुरुस्तीचा अंदाज घ्यायला आश्रुबा सुताराला बोलावलं होतं. बंकटचे वडील ते. ते माळवद आश्रुबाच्याच आजोबांनी बांधलेलं. आश्रुबा एकेका खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करत सगळीकडे फिरला आणि म्हणाला, दोन तुळया खाल्ल्यात, तेवढ्या बदला, माती पालटा, मग साठ वर्षं वर बघायचं काम न्हाई. कुणीतरी सिमेंटची मजबुती सांगू लागलं, तेव्हा तो जे बोलला ते केसरबाईंनी जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं:

"लाकडानं त्याचं पानी जंगलातच पिऊन घेतलंय, साहेब. ते आता आपल्याला मागत न्हाई. स्लॅब मागल. आन् यंदा पाजायला हाय का आपल्याकडं?"

आश्रुबा सोसायटीचा सभासद नव्हता. त्याला जमीन नव्हती, म्हणून शेअरही नव्हता. सभासद नसलेल्याचं मत इतिवृत्तात घ्यायचं नसतं. इतिवृत्त आप्पारावांच्या वतीनं सुवाच्य अक्षरात केसरबाईच लिहून काढत, आणि आश्रुबाचं बोलणं त्यांनी त्यात घेतलं नाही. घरच्या वहीत घेतलं. तेव्हा त्यांना हा फरक फार व्यवस्थितपणाचा वाटला होता.

माळवद उतरवलं. नदीतली वाळू स्लॅबसाठी उपसली, आणि त्या वाळूत बायकांनी पाण्यासाठी उकरलेले झिरे वाळूबरोबरच गेले. आश्रुबाला सेंट्रिंगचं काम मिळालं. ज्या तुळया त्याच्या आजोबांनी रंधून बसवल्या होत्या, त्याच कापून त्यानं स्लॅबखाली टेकू म्हणून उभ्या केल्या. घरात बाळंतीण होती. काम नाकारण्याची त्याची ऐपत नव्हती.

पाच एप्रिलला स्लॅब पडला. दुसऱ्या दिवशी गवंड्यांनी वर कांद्याच्या वाफ्यांसारखे मातीचे बांध घालून बारा वाफे केले आणि ते पाण्यानं भरले. एकवीस दिवस ते भरलेले राहायला हवेत, नाहीतर स्लॅब तडकतो. सोसायटीच्या विहिरीवरून रोज पाच गाड्या यायच्या, गाडीत तीन-तीन पिंपं. त्याच विहिरीचं पाणी गावाला मिळे: सभासदाच्या घराला दोन घागरी, बिगरसभासदाच्या घराला एक. ती यादीही केसरबाईंच्याच अक्षरात होती.

स्लॅबवरच्या पाण्याची नोंद आप्पारावांनी बायकोवर सोपवली. गवंड्यांचा भरवसा नव्हता, हिचा होता. केसरबाई रोज सकाळी शिडीनं वर चढत, प्रत्येक वाफ्यात वेताची काठी बुडवत आणि किती बोटं पाणी आहे ते लिहीत. चढताना पदर खोचून घेत. खाली पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका मान वर करून बघत. आपल्याला जबाबदारीचं काम मिळालं, याचा त्यांना अभिमान होता. वरून बघणाऱ्या बाईकडे त्या बायका काय म्हणून बघत असतील, असा विचार त्या वयात त्यांना सुचला नाही. खरं तर नंतरही फार उशिरा सुचला.

आठव्या दिवसापासून चौथ्या वाफ्यातलं पाणी इतरांपेक्षा दोन बोटं जास्त उतरू लागलं. गवंडी घाबरले. स्लॅबला चीर गेली असेल तर सगळंच मुसळ केरात. पण खाली ओल नव्हती. चौथा वाफा कडुनिंबाच्या फांदीलगत होता. कुणीतरी पहाटे झाडावरून चढून पाणी नेत होतं. केसरबाईंनी हे जेवायला बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, जसं दूध नासल्याचं सांगावं तसं.

आप्पाराव राखण बसवणार होते, काठ्या घेऊन दोन गडी. केसरबाईंना ते बरं वाटेना. मारहाण होईल, कुणाची तरी बाई असेल, गावभर शोभा होईल. मग त्यांना आपली शाळा आठवली. मोऱ्या धुवायच्या हौदातलं पाणी मुलींनी पिऊ नये म्हणून सिस्टर त्यात फिनेल ओतत. एकदा वास आला की कुणी त्या हौदाकडे फिरकत नसे, आणि ओरडावंही लागत नसे. सिमेंटला कुठं नाक असतं? त्यांनी हे सुचवलं. संचालकांमध्ये वाहवा झाली. वहिनींनी काठी न उचलता चोर अडवला, असं एकजण म्हणाला. त्या शिकलेल्या होत्या, त्यांना युक्ती सुचली होती. गुरुवारी, एकोणीस एप्रिलला संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या घरातला डबा दिला आणि गड्यानं अर्धा डबा काळं फिनेल चौथ्या वाफ्यात, फांदीच्या बाजूच्या कोपऱ्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई त्यांच्या मागच्या दारी आली. आश्रुबाची बायको. कडेवर तीन महिन्यांचं पोर, फडक्यात गुंडाळलेलं. पोर रडून रडून निळं पडलं होतं.

"बाईसाहेब, तुमी शिकलेल्या हायत, म्हून आले," ती म्हणाली. मग खाली बघत तिनं सगळं सांगितलं. स्लॅबवरचं पाणी तीच नेत होती. घरात एक घागर, त्यात बाळंतीण आणि पोर. आज पहाटेच्या पाण्याला डांबरासारखा वास होता. सिमेंटाचा असंल म्हणून प्यायला बाजूला ठेवलं, पण पोराला आंघोळ घातली. अंगभर चट्टे आले. डोळा उघडत नाही. "त्या पान्यात काय असंल, बाईसाहेब? गवंड्यानं काही औषिध टाकलं असंल का?"

चोरी कबूल करून ती आली होती, ती फक्त एवढं विचारायला.

केसरबाईंचा हात दाराच्या कडीवर होता. आत आप्पाराव दाढी करत होते. पाण्यात काय होतं ते सांगायला दोन शब्द पुरले असते. पोराला पुढे ज्या केजच्या डॉक्टरकडे नेलं, त्याला ते दोन शब्द कळले असते तर कदाचित त्यानं वेळेवर डोळा धुतला असता.

"मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. आणि वाटीत खोबरेल तेल आणून दिलं.

तो गुड फ्रायडे होता. शाळेत त्या दिवशी सिस्टर पीटरची गोष्ट सांगत, पकडलेल्या येशूबद्दल कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मला ठाऊक नाही' म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याची, पीटरची. मुली म्हणत, आपण नसतं बाई असं म्हटलं. केसरबाईही म्हणाल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: गुड फ्रायडे. शाळेची आठवण झाली. स्लॅबला पाच गाड्या पाणी. चौथा वाफा ठीक. दळण आणले. फिनेलचा डबा अर्धा झाला.

कडूबाई आल्याचं लिहिलं नाही. छप्पन्न वह्यांमध्ये जाणूनबुजून गाळलेली गोष्ट ती एकच.

*

चार दिवस केसरबाई वही काढत आणि ठेवत राहिल्या. आकडे तेवढे दुसऱ्या कागदावर उतरून द्यावेत, असं त्यांच्या मनात आलं. बंकटला आकडेच हवे होते. त्यांनी कागद घेतला, रेघा आखल्या, सहा एप्रिलपासून उतरवायला सुरुवात केली. एकोणीस तारखेला पेन थांबलं. व्यवस्थितपणानं आणखी एक खोटं तयार होत होतं, पुन्हा सुवाच्य अक्षरात.

शनिवारी सकाळी त्या वही घेऊन सुताराच्या घरी गेल्या. वाटेत सोसायटीच्या कडुनिंबाशी त्यांना कडूबाई दिसली. ती बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतत होती. हे ती रोज करायची, गावात टँकर असो नसो, वर्षानुवर्षं. केसरबाईंनी हे कधीतरी वहीतही लिहिलं होतं: कडूबाईची झाडावर माया आहे. पुण्याच्या नातवाला पत्रात कळवलंही होतं, खेड्यातली अडाणी बाई पर्यावरण कसं जपते म्हणून.

दोघी बरोबरच घरी पोचल्या. कडूबाईनं आधी पाण्याचा पेला पुढे केला. बंकट ओसरीत चौकट ठोकत होता. केसरबाई बसल्या, पेला बाजूला ठेवला, आणि एकोणीस आणि वीस एप्रिलची पानं वाचली. मग पानात असलेलं-नसलेलं सगळं उलगडून सांगितलं. फिनेल कुणी सुचवलं, डबा कुणाचा, आणि मागच्या दारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं हे. नवऱ्याच्या नावाआड त्या लपल्या नाहीत. तो दोष त्यांचा स्वतःचा होता.

बंकटचा हातोडा केव्हाच थांबला होता.

"म्या समजत होते देवानं शिक्षा केली," कडूबाई म्हणाली. "सोसायटीचं पानी चोरलं म्हून लेकराचा डोळा गेला. ह्याच्या बापाला सुदिक सांगितलं न्हाई कधी. त्या झाडावरून चढत व्हते ना, तर त्यालाच रोज एक तांब्या वततेय. फेडावं म्हून."

केसरबाईंना वर बघवेना. शेहेचाळीस वर्षं. जी त्यांनी माया म्हणून वहीत लिहिली, ती त्यांच्याच गप्प बसण्याची वसुली होती, आणि ती भलत्याच बाईकडून होत होती.

"तुमी इतकं लिवता," कडूबाई म्हणाली. "मंग मला कावून सांगितलं न्हाई?"

भीती वाटली, हे खरं. पण भीती पहिल्या दिवसाची. पुढच्या वर्षांना ते नाव देता येत नव्हतं. लाज वाढत गेली तसं सांगणं अवघड होत गेलं, आणि लोक वहीला खरं म्हणत गेले तसं आणखी अवघड. केसरबाई एवढंच म्हणाल्या, "माझं चुकलं." हे शब्द त्यांच्याच कानाला पातळ लागले.

कडूबाईनं भरलेला पेला उचलला आणि पाणी परत माठात ओतलं. दुष्काळात कुणीही ओतेल तसं, पण पाहुणा बसलेला असताना नाही.

बंकटनं वही घेतली. त्यानं पहिल्यांदा आकडे बघितले, बोटानं मोजत. मग म्हणाला, "सोमवारी सभा हाय. पान्याचं मी वाचतो. हे पान ज्याचं त्यानं वाचावं."

*

सोमवारी दुपारी चारला निंबाखाली सभा भरली. आताचे चेअरमन राधाकिशन खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर, कडेला बायका. पलीकडे स्लॅब तापलेल्या तव्यासारखा धग सोडत होता. बंकट उभा राहिला. रोज पंधरा पिंपं, एकवीस दिवस. पिंपाच्या बारा घागरी धरल्या तर रोजच्या एकशे ऐंशी घागरी, म्हणजे दोन घागरींच्या हिशोबानं नव्वद घरांचं पाणी रोज त्या स्लॅबनं पेलं. आताचा स्लॅब दुप्पट हाय. टँकर चौसाळ्याहून येतो, तोही एक दिवसाआड. तुमीच सांगा, कुनाच्या घराचं पानी तोडायचं?

या वेळी कुणी हसलं नाही. राधाकिशननी वाळवीचं विचारलं, आगीचं विचारलं. एकजण म्हणाला, सागासाठी जंगल तुटलं तर ते काय पर्यावरण झालं? प्रश्न खोटे नव्हते. बंकटनं कबूल केलं, की नवं लाकूड किती लागेल ते त्याला अजून सांगता येत नाही, आणि सगळ्या गोठ्यांतलं जुनं सागवान लोक देतीलच असंही नाही. पण जे आहे त्यानं आपलं पाणी कधीच पिऊन घेतलंय, एवढं तो म्हणाला. वडिलांचं वाक्य होतं ते. त्यानं ते वडिलांच्या नावानं सांगितलं, आणि या वेळी इतिवृत्तात घ्या म्हणाला.

मग त्यानं वही केसरबाईंच्या हातात दिली.

त्या उभ्या राहिल्या. त्यांनी पान वाचलं, आणि पानात नसलेलंही सांगितलं. सांगताना त्या कुणाकडे बघत नव्हत्या. कुणीतरी हळूच म्हणालं, जुनी गोष्ट, काकी, कशाला उकरायची. राधाकिशनना इमारतीशी याचा काय संबंध ते कळेना, पण तसं म्हणायचं धाडसही होईना. बायकांमधून कडूबाई उठली, पदर सावरला आणि घराकडे चालू लागली. बंकट बसून राहिला. त्यानं आईला हाक मारली नाही.

ठराव एवढाच झाला: विहिरींना पाणी येईपर्यंत काँक्रीटचं काम करू नये, निधी परत गेला तरी चालेल. लाकडाचं पुढच्या सभेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाई अंगणात उभ्या राहून सोसायटीकडे बघत होत्या. कडूबाई आली नाही. निंबाच्या बुंध्याशी माती कोरडी होती. आपण जाऊन तांब्याभर ओतावं, असं त्यांच्या मनात आलं. तांब्या हातात घेतलाही. मग वाटलं, लोक बघतील, काकी आता पाणी घालतात म्हणतील, पुन्हा कौतुक करतील. त्यांनी तांब्या ठेवून दिला. घालायचं असेल तर ते कुणाला दिसणार नाही अशा वेळी घालावं लागेल, आणि वहीत न लिहिता.

वाण्याच्या दुकानात त्या गेल्या, तेव्हा बोलणं थांबलं. वाण्यानं साखर बांधून दिली. खात्यावर मांडताना तो नेहमी त्यांनाच तारीख विचारी; आज पहिल्यांदाच विचारली नाही.

२१ मे २०१९, मंगळवार. टँकर आला नाही. भांडी राखेने घासली, तांब्याभर पाणी वाचलं.